किल्ला कोणी बांधला हे पाठ आहे, पण तो तिथेच का बांधला? गावातल्या वारसास्थळांवरून भूगोल कसा शिकवता येतो

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले ११, तर तामिळनाडूतला जिंजी हा बारावा. अभिनंदनाच्या पोस्टचा पाऊस पडला, स्टेटस झळकले. पण ज्या नावाने ही नोंद झाली, त्याकडे फार कमी जणांचं लक्ष गेलं.

ते नाव आहे 'मराठा लष्करी भूदृश्ये'. म्हणजे युनेस्कोने इथे भिंती आणि बुरुज यांच्यासोबत त्यांच्याखालची जमीनही मोजली. यादीतली वर्गवारीच बघा. डोंगरी किल्ले, जंगलाने वेढलेला डोंगरी किल्ला म्हणजे प्रतापगड, पठारावरचा पन्हाळा, किनाऱ्यावरचा विजयदुर्ग, बेटांवरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग. ही वर्गवारी इतिहासाच्या तासाला जितकी शोभेल, तितकीच भूगोलाच्या तासालाही.

आपल्या शाळांमध्ये मात्र या दोन तासांची भेट क्वचितच होते. सहल गडावर जाते, तिथे तह, लढाया आणि राज्याभिषेक सांगितला जातो, फोटो निघतात, डबे खाऊन मुलं परत येतात. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला तीच मुलं 'पठार म्हणजे काय' याची व्याख्या पाठ करतात. आदल्या दिवशी आपण पठारावरच उभे होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

## एक प्रश्न बदलला की काय होतं?

वारसास्थळी गेल्यावर सहसा विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. हे कोणी बांधलं? कधी बांधलं? इथे काय घडलं? हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत, पण त्यांची उत्तरं बहुतेक वेळा फलकावर किंवा पुस्तकात मिळतात. मुलाने ती ऐकायची आणि लक्षात ठेवायची, एवढंच उरतं.

'हे इथेच का बांधलं?' हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर शोधायला आजूबाजूला बघावं लागतं. पाणी कुठून येतं, वारा कुठून येतो, दगड कोणता आहे, रस्ता कुठून जातो, खालची जमीन कसली आहे, हे सगळं तपासावं लागतं. आणि हे सगळं म्हणजेच भूगोल.

जुन्या काळी जागा चुकली तर ती निभावून नेण्याचे उपाय फार कमी होते. टँकर नव्हते, पंप नव्हते, डोंगर फोडणारी यंत्रं नव्हती. त्यामुळे जुनी लेणी, किल्ले, बारवा, बाजारपेठा आणि बंदरं यांच्या जागांमध्ये त्या त्या भूप्रदेशाचा बारीक अभ्यास दडलेला असतो. मुलांना तो उलगडायला लावणं, हीच या पद्धतीची मूळ कल्पना आहे. काही उदाहरणं पाहू.

## एका गडावर भूगोलाचे किती धडे मिळतात?

सुरुवात दगडापासून. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. शास्त्रज्ञ या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातला 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीतला कुठलाही डोंगर लांबून पाहिला की हे नाव का पडलं ते कळतं. उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार आणि वर सपाट माथा.

घट्ट थरांचे कडे उभे राहतात, तर मऊ थर झिजून तिथे उतार तयार होतो. गड बांधणाऱ्यांनी याच रचनेचा उपयोग केला. कडा हीच तटबंदी. जिथे कडा तुटतो किंवा उतार सौम्य होतो, तिथेच भिंत बांधायची. मुलांना गडाचा कच्चा नकाशा काढायला लावला आणि त्यावर 'तट कुठे आहे, कुठे नाही' हे दाखवायला सांगितलं, की ती न कळत उताराचा नकाशा काढत असतात.

दुसरा धडा शब्दांचा. माची, सोंड, खिंड, धार, कडा, घळ, सडा हे शब्द मराठी माणसाला परके नाहीत. हे सगळे भूरूपांचे शब्द आहेत. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे डोंगराची बाहेर झेपावलेली लांब, अरुंद सोंड. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना गेलेल्या आहेत. याच जागा स्थलनिर्देशक नकाशावर पाहिल्या, तर समोच्च रेषा बोटांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात. वर्गातल्या फळ्यावर कंटाळवाण्या वाटणाऱ्या या रेषा, स्वतःच्या पायांनी चढलेल्या सोंडेवर एकदा जुळल्या की सहसा विसरल्या जात नाहीत.

तिसरा धडा पाण्याचा. गडावर नदी नसते. मग शेकडो माणसं उन्हाळ्यात काय पीत असत? उत्तर खडकात खोदलेल्या टाक्यांमध्ये आहे. इथे गणिताची वहीही उघडता येते. समजा, एक टाकं १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ४ मीटर खोल आहे. म्हणजे २४० घनमीटर, अर्थात २ लाख ४० हजार लिटर पाणी. पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत साधारण २४० दिवस जातात. एका माणसाला रोज १० लिटर धरलं, तर हे टाकं १०० माणसांना पुरतं. मग मुलांनीच पुढचे प्रश्न काढायचे. बाष्पीभवन किती होत असेल? जनावरांचं काय? आपण घरी रोज किती लिटर वापरतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात बऱ्याचदा शांतता पसरवतं.

## उलट्या धबधब्याची रील पाहिली, पण घाट कोणी पाहिला?

पावसाळा आला की नाणेघाटाचे व्हिडिओ फिरू लागतात. कड्यावरून खाली पडणारं पाणी वाऱ्याने पुन्हा वर उडतं, त्याला लोक 'उलटा धबधबा' म्हणतात. व्हिडिओ लाखो लोक पाहतात. पण पाणी उलटं का उडतं?

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे कोकण ओलांडून थेट सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. पुढे वाट नसल्याने वारा कड्याला चिकटून वर चढतो आणि खाली येणारं पाणी सोबत घेऊन जातो. वर चढताना हीच हवा थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि घाटमाथ्यावर जोरदार पाऊस पडतो. माथा ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो. पुस्तकातला 'प्रतिरोध पर्जन्य' आणि 'पर्जन्यछायेचा प्रदेश' तो हाच.

आता त्याच जागेचा वारसा पाहा. नाणेघाटातल्या गुहेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये त्यातले आकडे गणले जातात. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकात गोळा करण्यासाठी तो वापरला जात असे, असं मानलं जातं. एवढ्या आडवाटेला राजघराण्याचा लेख आणि जकात कशासाठी?

कारण ती आडवाट नव्हतीच. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल जुन्नरच्या बाजारपेठेत न्यायचा, तर मधली सह्याद्रीची भिंत ओलांडावी लागे. अशी भिंत कुठेही ओलांडता येत नाही, जिथे खिंड आहे तिथेच येते. म्हणून व्यापार खिंडीत एकवटला, जकात तिथेच बसली आणि राखणीसाठी शेजारी जीवधन उभा राहिला. जुन्नर परिसरात एवढी लेणी का, शिवनेरी, हडसर आणि चावंड हे किल्ले जवळजवळ का, याचा धागाही इथेच सापडतो. पाऊस, डोंगर, व्यापार आणि वस्ती हे पुस्तकातले चार वेगळे पाठ एका खिंडीत एकत्र येतात.

## पुण्याच्या एका जुन्या नळावरून पुराचा धडा कसा मिळतो?

वारसा आणि भूगोल यांची फारकत महागात कशी पडू शकते, हे समजायला पुण्याचं उदाहरण पुरेसं आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने सुमारे आठ किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. पंप नव्हता. कात्रज उंचावर आणि पेठा सखल भागात, एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी व्यवस्था चालत होती. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. गाळ खाली बसावा, अडकलेली हवा निघून जावी, यासाठी त्यांचा उपयोग होई. शहरात पाणी हौदांमध्ये येई. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांना आजही माहीत आहेत.

शाळेसाठी यात एक मोठा धडा तयार आहे. मुलांनी नकाशावर कात्रज आणि शनिवारवाडा शोधायचे, दोन्हींची उंची काढायची, फरक मोजायचा आणि नळ कुठल्या वाटेने नेला असता याचा अंदाज बांधायचा. मग जिथे उच्छ्वास आणि हौद शिल्लक आहेत, ती ठिकाणं नकाशावर टिंबांनी दाखवायची. टिंबं जोडली की उताराची रेषा तयार होते.

आता दुसरी रेषा. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळणारा आंबिल ओढा. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी तळं तयार झालं आणि या ओढ्याचा प्रवाहही वळवला गेला. ते तळं आज नाही, तिथे सारसबाग आहे. पण बागेतल्या गणपतीला लोक अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळं आटलं, नाव उरलं. जागांची नावं हा भूगोलाचा पुरावा कसा असतो, हे सांगायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगला. काठच्या वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. ओढ्याच्या पात्रावर झालेली अतिक्रमणं आणि आक्रसलेले प्रवाह यांची चर्चा त्यानंतर बरेच दिवस चालली.

पेशवाईत ज्या पाणलोट क्षेत्राने शहराला पाणी पाजलं, तेच २०१९ मध्ये शहरात शिरलं. पाणी तेव्हाही उताराने आलं होतं, आताही उताराने आलं. फरक एवढाच की तेव्हा उतार कुठे आहे हे बांधणाऱ्यांनी आधी पाहिलं होतं. 'पाणलोट क्षेत्र म्हणजे काय' याची व्याख्या लिहून दोन गुण मिळवलेलं मूल आणि आपलं घर कुठल्या ओढ्याच्या पाणलोटात आहे हे नकाशावर दाखवू शकणारं मूल, या दोघांच्या शिक्षणात फार मोठं अंतर आहे. मोठेपणी घर घेताना, सोसायटीच्या बैठकीत किंवा प्रभागाच्या आराखड्यावर हरकत नोंदवताना ते अंतर दिसून येतं.

## गावात किल्ला नसेल तर?

नसू दे. भूगोल शिकवायला रायगडच हवा असं नाही. उलट लांबच्या प्रसिद्ध स्थळापेक्षा शाळेजवळचं साधं स्थळ जास्त उपयोगी पडतं, कारण तिथे पुन्हा पुन्हा जाता येतं.

महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव आहे. कुठे ती सांभाळलेली आहे, कुठे झाडोऱ्याने भरलेली, तर कुठे गावाचा कचरा तिच्यात पडतो. या बारवेच्या पायऱ्या म्हणजे भूजल मोजायची पट्टीच आहे. एक सोपा उपक्रम असा. ऑक्टोबर ते मे, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात, ते शिक्षकांसोबत वरूनच मोजायचं. एका पायरीची उंची एकदा मोजून ठेवायची. पायरी २० सेंटिमीटरची असेल आणि ऑक्टोबरपेक्षा एप्रिलमध्ये २५ पायऱ्या जास्त उघड्या पडल्या असतील, तर पाणी ५ मीटर खाली गेलं. याचा आलेख वर्गाच्या भिंतीवर लावायचा. पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच कागदावर दुसऱ्या रंगाची रेष ओढायची.

तीन-चार वर्षांत शाळेकडे गावाच्या भूजलाची स्वतःची नोंद तयार होते. कुठल्या वर्षी पाऊस कमी झाला, परिसरात बोअरवेल वाढल्यावर काय झालं, ओढ्यावर बंधारा बांधल्यावर काय फरक पडला, यावर बोलायला मुलांकडे आकडे असतात. शिवाय ज्या बारवेत दर महिन्याला तीस मुलं डोकावतात, तिच्यात कचरा टाकताना गावही दोनदा विचार करतं.

कोकणात वेगळा खडक, म्हणून वेगळे धडे. तिथे जांभा आहे. घरं जांभ्याची, कुंपणाचे गडगे जांभ्याचे आणि माथ्यावर पसरलेले उघडे सडेही जांभ्याचेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या अशाच सड्यांवर माणसं, हत्ती, मासे आणि भौमितिक आकृत्यांची कातळशिल्पं कोरलेली आहेत. त्यातली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ज्यांनी ती कोरली त्यांनी सडाच का निवडला? मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर तर त्याहून मजेशीर प्रश्न आहे. चारही बाजूंना खारं पाणी, मग दूध विहीर, दही विहीर आणि साखर विहीर यांचं पाणी गोड कसं? लहान बेटांवर पावसाचं पाणी खडकांच्या फटींतून झिरपतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. म्हणूनच अशा ठिकाणी गरजेपेक्षा जास्त उपसा केला, तर खारं पाणी वर येतं. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलांना हा धडा घरच्या विहिरीपाशीही तपासता येतो.

मुंबईच्या मुलांनाही लांब जायची गरज नाही. शीव म्हणजे गावाची हद्द. शीवचा किल्ला खरोखरच हद्दीवर होता. त्याच्या एका बाजूला इंग्रजांची मुंबई आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. शीव, शिवडी, माहीम आणि वरळी इथले किल्ले नकाशावर दाखवले, की खाड्या आणि बेटं कुठे होती ते दिसू लागतं. त्यावर भराव टाकलेल्या जमिनीचा नकाशा ठेवला, की दरवर्षी पाणी कुठे तुंबतं या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

## ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरा शहरात 'आउटलुक टॉवर' सुरू केला. सर्वांत वरच्या गच्चीवरून आपला परिसर पाहायचा, मग एकेक मजला उतरत शहर, देश आणि जग समजून घ्यायचं, अशी त्याची रचना होती. जवळून सुरू करून लांब जायचं, हे त्यांचं सूत्र. हेच गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल लिहिताना त्यांनी आधी शहर पायी फिरून समजून घेण्यावर भर दिला. जुनी तळी बुजवण्यापेक्षा ती स्वच्छ करून राखावीत, असा त्यांचा आग्रह होता.

आजच्या अभ्यासक्रमातही यासाठी जागा आहे. प्राथमिक वर्गांत 'परिसर अभ्यास' हा विषय आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात 'क्षेत्रभेट' हा पहिलाच पाठ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची तरतूद सुचवलेली आहे. म्हणजे परवानगी आहे, पाठ आहे, वेळही काढता येतो. पण क्षेत्रभेटीचा पाठही वर्गात बसूनच वाचला जातो आणि त्याखालचे प्रश्न गाइडमधून लिहिले जातात, हे अनेक शाळांमधलं वास्तव आहे.

## शिक्षकांनी प्रत्यक्षात काय करायचं?

यासाठी मोठा निधी लागत नाही. आखणी मात्र लागते.

जाण्याआधी: शिक्षकांनी एकदा स्वतः जाऊन यावं. स्थळाचा उपग्रह नकाशा 'गूगल अर्थ' किंवा इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर वर्गात दाखवावा. शक्य असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा सोबत ठेवावा. मुलांना एकच मुख्य प्रश्न द्यावा, 'हे इथेच का?' आणि त्यांचे अंदाज वहीत लिहून घ्यावेत.

तिथे गेल्यावर: पहिली दहा मिनिटं माहिती सांगू नये. मुलांना बघू द्यावं. मग गट पाडावेत. एका गटाने दगड पाहायचा, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने दिशा आणि उतार, चौथ्याने आजूबाजूची शेती, झाडं आणि रस्ते. होकायंत्र, मोजपट्टी, दोरी, पेन्सिल आणि कागद एवढं सामान पुरतं. फोन असलाच तर गटाला एकच.

परतल्यावर: खरं काम इथे होतं. चारही गटांनी मिळून एक नकाशा काढायचा. त्याला दिशा, प्रमाण आणि सूची हवी. आधी लिहिलेल्या अंदाजांपैकी कुठले टिकले, कुठले चुकले, यावर चर्चा करायची. गावातल्या जुन्या माणसांना नकाशा दाखवून त्यात भर घालायला सांगायचं. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, बाजार कुठे भरायचा, कुठल्या विहिरीचं पाणी कधीच आटत नसे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

## मग अडतं कुठे?

पहिली अडचण सुरक्षिततेची. पावसाळ्यात कातळ निसरडे होतात, गडांवर आग्या मोहोळं असतात, बारवांना कठडे नसतात. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पालकांची लेखी संमती, पुरेसे शिक्षक आणि प्रथमोपचाराची पेटी यांना पर्याय नाही.

दुसरी अडचण खर्चाची. इथेही जवळचं स्थळ कामाला येतं, कारण चालत जाता येतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तिकीट असलेल्या स्मारकांमध्ये १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत असतो.

तिसरी अडचण दंतकथांची. 'इथून भुयार थेट अमुक गडावर निघतं' ही गोष्ट महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक किल्ल्यावर ऐकायला मिळते. ती हसण्यावारी न नेता मुलांसमोर ठेवावी. अंतर किती? मधे नदी आहे का? बेसॉल्ट हाताने खोदायला किती वेळ लागेल? आत हवा कशी खेळेल? काढलेला दगड टाकला कुठे असेल? मुलं स्वतःच निष्कर्षाला येतात, आणि कुणाच्या भावनाही दुखावत नाहीत. पूर्वजांना सगळंच कळत होतं, असंही मानायचं कारण नाही. जुन्या काळीही विहिरी कोरड्या निघाल्या, बंदरं गाळाने भरली, वस्त्या उठल्या. कुठली जागा टिकली आणि कुठली फसली, दोन्हींतून भूगोल शिकता येतो.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण परीक्षेची. प्रश्नपत्रिकेत 'व्याख्या लिहा' असेल, तर शिक्षक व्याख्याच पाठ करून घेणार. म्हणून निदान अंतर्गत मूल्यमापनात मुलांनी काढलेल्या नकाशाला, मोजलेल्या आकड्यांना आणि विचारलेल्या प्रश्नांना गुण हवेत. हे मुख्याध्यापकांच्या पातळीवरही ठरवता येतं.

## पालकांना आणि इतरांना काय करता येईल?

पुढच्या वेळी मुलांना घेऊन किल्ला, लेणं, जुना पूल किंवा घाट पाहायला गेलात, तर तीन प्रश्न विचारून बघा. इथे पाणी कुठून येत असेल? हा दगड कुठून आणला असेल? आणि इथून काय काय दिसतं? उत्तरं तुम्हाला माहीत असायलाच हवीत असं नाही. सोबत शोधता येतात.

युनेस्कोची मोहोर उमटलेले किल्ले बारा आहेत. ज्या बारवा, तळी, घाट आणि हौद कुठल्याही यादीत नाहीत, त्यांची संख्या मोजण्यापलीकडची आहे. ती टिकतील की बुजतील, हे पुढच्या वीस-तीस वर्षांत ठरेल, आणि ते ठरवणारे नगरसेवक, सरपंच, अभियंते, बिल्डर आणि घर घेणारे आज शाळेत आहेत. त्यांना आपल्या गावातलं पाणी कुठून कुठे वाहतं हे दाखवायला एखादी दुपार आणि शाळेपासून चालत जाण्याएवढं अंतर पुरेसं आहे.